दहा ठोकळ्यांची परीक्षा

आमची लुंबिनी नेमकं काय शिकते, हे लोकांना सांगता सांगता माझी दोन वर्षं गेली. इंजिनिअरिंग म्हटलं की माणूस "हं" म्हणून पुढं जातो. मेडिकल म्हटलं की खुर्ची पुसून देतो. 'एम.एस्सी., मानव विकास' म्हटलं की तो आपल्या तोंडाकडं बघत उभाच राहतो, आणि थोड्या वेळानं आपल्यालाच वाटायला लागतं की आपण काहीतरी लपवतोय. समोरचे शेषेराव, निवृत्त तलाठी, यांचा तर ठाम समज होता की शाळेच्या पोरींची ने-आण करणाऱ्या निळ्या एसट्यांवर 'मानव विकास' लिहिलेलं असतं, त्याच खात्यात तिला चिकटवायचं चाललंय. "चांगलं हाय की," ते म्हणाले, "कंडक्टरचा पगार बरा झालाय आता." मी त्यांना समजावलं नाही. खरं सांगायचं तर मलाही धड समजलेलं नव्हतं. लेकरू कसं वाढतं, कसं शिकतं, कशाला घाबरतं याचा तो अभ्यास आहे, एवढं ठाऊक होतं. त्याला विद्यापीठात दोन वर्षं कशाला लागतात, हे लुंबिनीच्या आईनं विचारलं होतं. तिनं दोन लेकरं विद्यापीठाशिवाय वाढवली असल्यामुळं तो तिचा हक्कच होता.

मी नांदेडातल्या एका कॉलेजात परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. बैठक क्रमांक, हॉल तिकीट, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाखेची सीलं, भरारी पथकाचा चहा, हे सगळं माझ्याकडं. या अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एकही पेपर फुटलेला नाही. हे वाक्य मी गेल्या मार्चपर्यंत बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणत असे.

झालं असं, की लातूरच्या एका बालविकास केंद्रानं लुंबिनीची मुलाखत घेतली आणि तिची निवड केली. उशिरा बोलणारी, अडखळणारी लेकरं आणि त्यांच्या घाबरलेल्या आया, यांच्यासोबतचं काम. जागा एकच. अटही एकच, की तीस एप्रिलच्या आत प्रबंध जमा केल्याची पावती दाखवायची, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावणार. आणि प्रबंधासाठी तिला चाळीस लेकरं हवी होती, अडीच ते तीन वर्षांची. प्रत्येकापुढं दहा लाकडी ठोकळे ठेवायचे, काही सांगायचं नाही, आणि ते दहा मिनिटं काय करतं ते लिहून घ्यायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण त्यांच्या घरी, त्यांच्या खेळायच्या वेळी. पप्पा, तुम्ही फक्त ओळखीच्या घरांत विचारून ठेवा. बाकी मी आल्यावर बघते."

ती पंधरा दिवसांसाठी विद्यापीठात गेली. त्या वाक्यातलं 'फक्त' मी ऐकलंच नाही. मी ऐकलं ते 'चाळीस'. चाळीस म्हणजे माझ्या हिशेबानं दोन हॉल, हॉलला वीस, दोन पर्यवेक्षक आणि एक पाण्याचा माठ. चाळीस घरं हिंडून महिना घालवण्यापेक्षा एका रविवारी काम उरकतं, हे त्या पोरीच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटलं. एवढी शिकलेली, पण व्यवस्थापन नाही.

पहिली अडचण संमतीपत्राची. लुंबिनीनं दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की सहभाग ऐच्छिक असून पालक कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकतात. हे वाचून लोक माघार घ्यायला लागले. "कवाबी सोडता येतं मंजे कायतरी गडबड असंल," एक आजोबा म्हणाले. शेषेरावांनी सल्ला दिला की कागद बाँडवर पाहिजे, नोटरी केलेला. मी मधला मार्ग काढला. कागदाच्या कोपऱ्यात फोटोची चौकट आखली आणि खाली लिहिलं, सोबत जन्मदाखल्याची झेरॉक्स व दोन आयडी साइज फोटो. त्या दिवसापासून विश्वास बसला. आपल्याकडं फोटो मागितला की काम खरं असतं. तरोडा नाक्यावरच्या फोटोवाल्यानं आठवडाभर फक्त अडीच वर्षांची लेकरं काढली आणि त्यातली निम्मी रडताना काढली.

दुसरी अडचण मी स्वतः शोधून काढली. लेकरांचं काम म्हणजे परवानगी लागणार, म्हणून एका कार्यालयात गेलो. तिथला लिपिक म्हणाला, घरची लेकरं आमच्या कक्षेत येत न्हाईत. मी म्हणालो, तसं लेखी द्या. तो म्हणाला, तसा अर्ज द्या. परवानगीची गरज नसल्याचं पत्र मिळण्यासाठी मी अर्ज दिला. तो अजून तिथंच आहे. त्या लिपिकाबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

आणि मग आले पंढरी सर. आमच्याच गल्लीत त्यांचा क्लास आहे, सहावीपासून नीटची तयारी. दारावर पाटी आहे, 'लातूर पॅटर्न, आता नांदेडात'.

"साहेब, चाळीस सीटा हायत म्हणं," ते म्हणाले. "पॅटर्न काय हाय?"

"पॅटर्न नाही हो. निरीक्षण आहे."

"निगेटिव्ह मार्किंग?"

इथं मी सरळ सांगायला पाहिजे होतं की बाबा, ही परीक्षाच नव्हे. पण तोंडातून अठ्ठावीस वर्षं बोलली. मी म्हणालो, "ते गोपनीय आहे." पंढरी सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मान डोलावली आणि चहा अर्धा टाकून गेले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तरोड्याला कळलं की चाळीस जागा आहेत आणि काहीतरी गोपनीय आहे. दुसऱ्या दिवशी त्यात भर पडली, की जे लेकरू पास होईल त्याला एका मोठ्या इंग्रजी शाळेत नर्सरीला थेट प्रवेश. तिसऱ्या दिवशी दोघंजण मिठाई घेऊन आले. मिठाई मी परत केली, आणि त्यामुळं परीक्षा फारच कडक असल्याची खात्री पटली.

पेपर फुटला तो माझ्याच हातून, हेही सांगून टाकतो. लुंबिनीनं ठोकळ्यांचा एक डबा घरी ठेवला होता. मी तो कापडात शिवून लाखेनं सील केला होता. पण कुठल्याही परीक्षेला राखीव संच लागतो. म्हणून सील करायच्या आधी त्यातला एक ठोकळा मी सुदाम सुताराला नेऊन दाखवला आणि म्हणालो, असे दहा करून दे, कुणाला बोलू नको. सुदाम कुणालाच बोलला नाही. त्यानं फक्त दुकानाबाहेर ठोकळे मांडले आणि मागं पाटी लावली, 'परीक्षेचे ओरिजनल'. आठवड्यात साठ संच गेले. पंढरी सरांनी दहा दिवसांची क्रॅश बॅच काढली. लेकरं दुपट्यासकट येत होती.

रविवारी सकाळी लुंबिनी बसमधून उतरली. मी तिला रिक्षात घालून थेट पंढरी सरांच्या क्लासवर नेलं, तो मी त्या दिवसापुरता मागून घेतला होता. वाटेत काही सांगितलं नाही, म्हटलं तिला एकदम दाखवावं. दारात पन्नास-साठ माणसं होती. चाळीस लेकरांच्या छातीला सेफ्टी पिननं हॉल तिकिटं लावलेली. भिंतीवर मी स्वतः काढलेला बैठक व्यवस्थेचा तक्ता. माठ. एक आजी लेकराच्या कपाळाला अंगारा लावत होत्या. एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन शेवटची उजळणी घेत होता, "आधी मोठा, मंग बारका." ठोकळे सगळे सारख्याच मापाचे होते.

लुंबिनीनं ते सगळं बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हे काय आहे?"

"चाळीस," मी म्हणालो.

ती परतच जाणार होती. पण आया लेकरांना आंघोळी घालून, उन्हातून आलेल्या. तिला त्यांचं वाईट वाटलं असावं. म्हणाली, बसते.

पहिलं लेकरू आलं. दहा ठोकळे ठेवले. त्यानं "वन, टू, थ्री" म्हणत एकावर एक असे दहाच्या दहा रचले, टाळी वाजवली आणि चॉकलेटसाठी हात पुढं केला. दुसऱ्यानं तेच केलं. तिसरीनं रचून झाल्यावर नमस्कारही केला. मला तर अभिमान वाटत होता. सातव्याची आई खिडकीतून खोकत होती, एकदा खोकली की डावीकडं, दोनदा की उजवीकडं. तिला मी हटकलं. अकरावा ठोकळ्यांवर डोकं ठेवून झोपला, तर त्याच्या बापानं वेळ वाढवून मागितला. दुपारपर्यंत चौतीस लेकरांनी दहापैकी दहा ठोकळे लावले होते. आमच्या कॉलेजचा एवढा निकाल कधी लागला नाही. आणि टेबलामागं बसलेली लुंबिनी पेन खाली ठेवून नुसती बघत होती.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "झालं ना काम?"

"पप्पा, मनोरा पडलाच नाही."

"मग चांगलंच की."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एखाद्या लेकराला सांगावं तसं हळू बोलायला लागली. तिचा प्रबंध मनोरा रचण्यावर नव्हताच. मनोरा पडल्यावर लेकरू काय करतं, त्यावर होता. ते आईकडं बघतं का, रडतं का, पुन्हा रचतं का, की दुसरंच काही करतं. सहा-सात ठोकळ्यांवर तो बहुतेकांचा पडतोच, म्हणून तर ठोकळे दहा. "आता न पडलेल्या मनोऱ्यावर मी काय लिहू?" ती म्हणाली.

गाईड मॅडमना फोन केला. फोन स्पीकरवर होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हॉल तिकिटं कुणी छापली?" लुंबिनी माझ्याकडं न बघता म्हणाली, "ओळखीच्या एकांनी." चाळीसच्या चाळीस नोंदी रद्द. हाती तीस-बत्तीस दिवस, आणि तरोड्यातच काय, अख्ख्या नांदेडात मनोरा न येणारं अडीच वर्षांचं लेकरू मिळायची खात्री नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. लुंबिनीची आई म्हणाली, जेवा, उपाशी राहून काय ठोकळे पडणार हायत का.

मार्ग काढला माझ्या मोठ्या बहिणीनं. नागुबाई, लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अंगणवाडीची मदतनीस म्हणून तीस वर्षं काम केलं, आता निवृत्त. हळदीच्या काढणीला बाया जायला लागल्या की बारकी लेकरं अजूनही तिच्याच ओसरीवर सोडून जातात. तिला मी फोनवर सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "पोरीला पाठव. तू येऊ नको."

तरी दहा दिवसांनी मी रजा टाकून गेलोच. उन्हाचं पोरीनं सामान किती वाहायचं, असं कारण काढलं. तोवर तिनं नागुबाईच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत आयांशी बोलून, कागद वाचून दाखवून वीस लेकरं केली होती. फोटो कुणीच मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता. मला ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसवलं. अटी नागुबाईनं सांगितल्या. "आनंदा, बोलायचं न्हाई. हासायचं न्हाई. लेकरू तुझ्याकडं बघून राहिलं तर तू भित्ताकडं बघ."

त्या दिवशी व्यंकट नावाचा एक गुबगुबीत गडी बसला होता. पाच ठोकळे झाले. सहावा तो अगदी कडेला ठेवायला निघाला. मी काही बोललो नाही, हसलो नाही. फक्त मान एवढीशी हलली. व्यंकटनं माझ्याकडं बघितलं, ठोकळा मधोमध सरकवला आणि खुशाल रचत सुटला. लुंबिनीनं वहीच्या त्या पानावर आडवी रेघ मारली.

"पप्पा, तुम्ही मान हलवली."

मी मोज्यातून, चपलेतून, कंपासपेटीच्या तळातून कॉप्या काढलेला माणूस. अडीच वर्षाच्या पोराला कॉपी पुरवताना रंगेहाथ सापडलो, आणि तेही माझ्याच पोरीच्या भरारी पथकाला. नागुबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मी म्हणालो, उद्यापासून येत नाही. लुंबिनी म्हणाली, "या. पण गप बसायचं."

आता गप बसणं ही काय चीज आहे, हे ज्यानं कधी केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तीन दिवसांत माझी मान आखडली. ठोकळा वाकडा दिसतो, आपल्याला दिसतो, लेकराला दिसत नाही, आणि आपण हात मांडीखाली दाबून बसायचं. चौथ्या दिवशी रुद्राणी आली. जेमतेम पावणेतीन वर्षांची, नाकाला शेंबूड, कानात लिंबाच्या काड्या. सात ठोकळे रचले आणि मनोरा पडला. तिनं नागुबाईकडं बघितलं. नागुबाई तांदूळ निवडत होती. लुंबिनी लिहीत होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी भिंतीकडं. पुन्हा रचला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पाचवरच पडला. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता रडणार. सगळं अंग म्हणत होतं की उठ, एक ठोकळा तरी सरळ करून दे. मग तिनं ठोकळे एकामागं एक जमिनीवर मांडले, पहिल्यावर बोट ठेवलं आणि "चल लोहा, लोहा, लोहा" म्हणत ती रांग ढकलत ओसरीभर नेली. दहा मिनिटं संपली तरी गाडी चालूच होती.

लेकरं गेल्यावर मी म्हणालो, "ही नापासच ना?"

"पप्पा, ही सगळ्यांत छान नोंद आहे," लुंबिनी म्हणाली. इतकी खूश मी तिला त्या महिन्यात पहिल्यांदा बघितली. "तीनदा पडला तर तिनं खेळच बदलला. तिला लगेच पुन्हा रच म्हणून कुणी म्हणलं नाही ना, म्हणून जमलं."

हे ती रुद्राणीबद्दल बोलत होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण मला लातूर आठवलं. बारावीला ती तिथं क्लासला होती. परीक्षा देऊन नांदेडला घरी आली, आणि नीटचा निकाल दुपारी लागला, फारच कमी मार्कांचा. ती खोलीत गेली आणि मी लातूरच्या बसमध्ये बसलो. संध्याकाळच्या आत रिपीटर बॅचचा फॉर्म भरून झाला होता. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच निकाल, आणि मी पुन्हा तसाच बस स्टँडवर. दोन्ही वेळा मला वाटलं होतं की मी बापाचं कर्तव्य करतोय. ती काय करते हे बघायला मी दहा मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. तिसऱ्या वेळी मी बस स्टँडवर जायच्या आत तिनं बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन टाकला, तिथून ती या विषयाला आली, आणि मी पुढं सहा महिने गल्लीत 'मेडिकलच्याच लाइनचं आहे' असं सांगत होतो.

मला लई वाईट वाटलं. तिला काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. "पाणी पी," म्हणालो. तिनं पाणी पिलं, मला तांब्या दिला आणि विचारलं, "उद्या पण येता ना?"

गेलो. एकोणचाळीस नोंदी झाल्या, चाळिसावी व्यंकटची, तिच्यावर माझ्यामुळं रेघ होती. गाईड मॅडमनी एकोणचाळीस मान्य केल्या. एकोणतीस एप्रिलला प्रबंध जमा झाला, पावती लातूरला गेली, एक जूनला लुंबिनी कामावर रुजू झाली. शेषेराव अजून विचारतात की ती मेरिट लिस्ट कधी लागणार. सुदामकडं अकरा संच शिल्लक आहेत. पंढरी सरांनी पाटीवर 'वय अडीच वर्षांपासून' असं वाढवलंय आणि त्याचं श्रेय ते चारचौघांत मला देतात, त्यामुळं मी आता मागच्या गल्लीनं घरी येतो.

प्रबंधाची बांधलेली प्रत घरी आली तेव्हा मी सवयीनं आधी पानं मोजली, बांधणी तपासली, क्रमांक बघितले. सुरुवातीला आभाराचं पान होतं, इंग्रजीत. आधी गाईड मॅडम, मग नागुबाई आत्या, मग एकोणचाळीस लेकरं आणि त्यांच्या आया, मग लुंबिनीची आई. आपलं नाव नाही असं समजून मी पान उलटणार होतो, तेवढ्यात तळाला एक ओळ दिसली. तिचा अर्थ असा, की सर्वांत शेवटी मी माझ्या वडिलांची आभारी आहे, जे शेवटचे सहा दिवस माझ्याजवळ बसले आणि काहीही बोलले नाहीत.